अबोल्याची राखण

माझ्या लेकीला, शेवंताला, पहिल्यांदा दिवस गेले, त्याच साली कोसमटोल्याचा तलाव ठेकेदाराच्या हातून सुटला आणि आम्हा ढिवरांच्या मासेमारी संस्थेकडे आला. आषाढातली सकाळ होती. आमच्या टोलीच्या वस्तीतली झाडून सगळी माणसं तलावाच्या मातीच्या पाळीवर उभी होती. सरकारी जीपमधून फुगलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या आल्या होत्या आणि संस्थेचा अध्यक्ष मनसाराम चाचेरे कमरेपर्यंत पाण्यात उतरून एकेक पिशवी सोडत होता. आम्ही वाकवाकून पाहत होतो. पिशवीत गढूळ पाणी, आणि त्या पाण्यात केसांच्या तुकड्यांसारखं काहीतरी वळवळणारं.

"मनसाराम, याले मासे म्हनते का गा?" कोणीतरी ओरडलं.

"रोहू आहे. कतला आहे. फागुनात पाहजो."

"मले तं मच्छराचे पिल्लं दिसते."

"मंग तुया वाट्याले मच्छरच देईन," मनसाराम म्हणाला. लोक हसले, पण हसण्यात जोर नव्हता. कोणाचाच विश्वास बसला नव्हता. आमच्या बापजाद्यांनी तलावातून मासा काढला होता. पिशवीतून तलावात मासा ओतलेला कोणी पाहिला नव्हता.

पिशव्या रिकाम्या झाल्यावर मनसाराम बाहेर आला, धोतर पिळलं, पाळीवर बसला आणि तंबाखू चोळत म्हणाला, "आता फागुनापर्यंत कोनी पान्यात जाळं टाकाचं नाही. कडंनं गळ टाका, झिंगे धरा, शिंगाडे काढा. जाळं नाही. डोंगा एकच राहील, तो इथंच या उंबराले बांधून राहील. आता राखन कोन करते ते बोला."

सगळेच तयार. मी आणि माझा भाऊ, मी आणि माझा साळा, मी आणि माझा जावई. मनसाराम ऐकत राहिला, मग थुंकून म्हणाला, "भावासंगं भाऊ राहील तं दोघं मिळून खातील. साळ्यासंगं राहील तं बायको शिजवून देईल. मले असे लोक पायजे का ज्यायचं एकमेकासंगं बोलनं नाही."

पाळीवर माणसं एकमेकांकडे बघू लागली.

"आपल्या टोलीत असे काही कमी नाही," मनसाराम म्हणाला आणि नावं घेऊ लागला. भिंतीच्या वादावरून तोंड न पाहणारे दोघे सख्खे चुलतभाऊ, लग्नाच्या पंगतीत वाढण्यावरून भांडलेले दोघे साडू, असं करत करत तो माझ्याकडे वळला. "सोमवारी दिवसा, कौतिका डहारे आन् डोमा वलथरे."

मी म्हटलं, "मी नाही बसत याच्यासंगं."

"म्हनून तं बसवतो."

डोमाचं आणि माझं बोलणं का नव्हतं ते टोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. ठेकेदाराच्या काळात डोमा जाळ्यावरचा मुकादम होता. जाळं ओढायचो आम्ही, मासा जायचा ठेकेदाराचा. एकदा माझ्या नवऱ्यानं एक रोहू धोतरात दडवला, तो डोमानं ठेकेदाराला दाखवला. नवऱ्याला मारलं आणि जाळ्यावरून कायमचं काढलं. मग तो वीटभट्टीवर गेला. दुसऱ्या हंगामात तापानं तिथंच मेला. आम्हाला त्याचे कपडे आले. संस्था झाली तेव्हा त्याच्या जागी सभासद म्हणून माझा अंगठा घेतला होता. डोमाचाही घेतला. ठेकेदाराचा माणूस संस्थेत कशाला, असं मी भर सभेत विचारलं होतं. मनसाराम म्हणाला होता, "ढिवर आहे ना? मंग आहे."

अशी आमची राखण सुरू झाली. दर सोमवारी सकाळी मी माझी बकरी घेऊन पाळीवर जायची. डोमा आधीच येऊन उंबराखाली डोंग्याशेजारी, त्या लाकडी होडीशेजारी, बसलेला असायचा. मी पलीकडे, तुडुमाजवळ बसायची. तुडूम म्हणजे तलावाचं पाणी शेताला सोडायचं दार. तिथून अख्खा तलाव दिसतो, आणि डोमाही दिसायचा.

पहिले दोन-चार सोमवार आम्ही नुसतेच एकमेकांवर डोळा ठेवून होतो. पण दिवसभर तोंड मिटून बसणं माणसाला जमत नाही. एकदा मी बकरीला म्हटलं, जरा मोठ्यानं, "लाले, काही काही मानसं पान्याकडं लई पाहते वो. जुनी सवय."

थोड्या वेळानं उंबराखालून आवाज आला. "डोंग्या, बायकायचं चित्त पान्यात कमी, मानसात जास्त."

"लाले, पान्यातला चोर कधी पान्यातून येत नाही."

"डोंग्या, बकरी कोनाच्या धुऱ्यावर चरून रायली ते बी पाह्यजो गड्या."

वळून पाहिलं तर लाली खरोखरच दुसऱ्याच्या बांधावर गेली होती. मी तिला ओढत आणली. डोमा हसला नाही. हसला असता तर मी दगड मारला असता.

भादव्यात लोक कुजबुजू लागले. कडेनं गळ टाकला तर मरळ लागायची, शिंगी लागायची, झिंगे तर टोपल्यानं. पण रोहू नाही, कतला नाही. बायका विहिरीवर म्हणायच्या, माशांचं बी त्याच दिवशी मेलं. पुरुष म्हणायचे, अर्ध्या पिशव्या मनसारामनं वाटेतच विकल्या आणि उरलेल्यात गटाराचं पाणी आणलं. माझा जावई भाऊराव गावातलाच. तो एकदा चिडून मनसारामच्या दारात गेला.

"काका, एक डाव जाळं टाकून दाखव. एकच डाव. मासा दिसला का आमी चूप."

"नाही टाकत."

"काहून?"

"एकदा जाळं ओलं झालं का कोनी थांबत नाही. आज तू पाहाले टाकशील, उद्या तो बायकोच्या डोहाळ्यासाठी टाकेल. परवा पाव्हने येतील."

"म्हनजे मासा नाहीच."

"आहे."

"तू पायला?"

मनसाराम तंबाखू चोळू लागला. त्यानंही पाहिलेला नव्हता.

दसऱ्याला भट्टीचा मुकादम टोलीत आला. दरवर्षी यायचा तसा मोहाच्या झाडाखाली बसला आणि म्हणाला, दिवाळीनंतरची मंडईची जत्रा झाली की ट्रक लावतो. मागच्या सालापर्यंत धान कापून झालं की अर्धी टोली त्या ट्रकात चढायची. या साली संस्था होती, म्हणून लोक थांबले होते. आता पुन्हा हो म्हणू लागले. भाऊरावनंही हो म्हटलं.

मी त्याला विचारलं, "अन् शेवंता?"

"ते बी येईल. इथं काय खाईल?"

"तिचे दिवस भरत आले आहे."

"बाळंत झाली का मंगच निघू."

 नवऱ्याचे कपडे ज्या गाठोड्यात आले होते ते मी अजून सोडलं नव्हतं. ओली बाळंतीण आणि तिचं मूल विटांच्या धुरात झोपलेलं मला डोळ्यांसमोर दिसत होतं. तलावात मासा असेल तर भाऊराव थांबेल. नसेल तर जाईल. एवढंच होतं. आणि मासा आहे की नाही हे सांगायला कोणी माणूस नव्हता.

दिवाळीच्या आधीच्या सोमवारी मी थोडी उशिरा पाळीवर गेले. उंबराखाली डोमा एकटा नव्हता. ठेकेदाराचा मुनीम त्याच्यासमोर उकिडवा बसला होता. मला पाहून उठला, धोतर झटकलं आणि सायकल ढकलत निघून गेला. डोमा डोंग्याच्या काठावर हात ठेवून बसून राहिला. त्या दिवशी तो डोंग्याशीही बोलला नाही.

दिवस बुडाल्यावर मी सरळ मनसारामकडे गेले. "तो विकला गेला," मी म्हटलं. "मुनीम आला होता. मी माझ्या डोळ्यानं पायला."

मनसाराम भाकर मोडत होता. "हव. मले माहीत आहे."

"कोनी सांगतलं?"

"त्यानंच. पन मुनीमाचं नाही सांगतलं, तुयं सांगतलं. म्हने कौतिका शिंगाड्याच्या नावानं लई लांब पान्यात जाते, पदर भरून येते, पदरात काय असते कोन जाने."

मला इतका राग आला की चुलीतलं लाकूड उचलून डोमाच्या घरी जावं असं वाटलं. "अन् तुले काय वाटते?" मी विचारलं.

"मले दोघायचं बी खरं वाटते," मनसाराम म्हणाला. "बस, जेव."

मी जेवले नाही. तशीच आले.

मग मंडईचा दिवस आला. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. शेजारच्या गावाची मंडई सगळ्यांत मोठी. दंडारीचे खेळ, पानाची दुकानं, फुगे, जिलेबी. टोलीतले पाय ओढत चालणारेही गेले. सुईणसुद्धा गेली. आणि सोमवार असल्यामुळे तलावावर मी आणि डोमा.

ऊन चढलं तेव्हा शेजारची गिरजा पाळीवरून धावत येताना दिसली. म्हातारी, पण त्या दिवशी धावत होती. "कौतिका, चाल वो. शेवंताच्या कळा सुरू झाल्या. सुईन मंडईत. घरी कोनी नाही."

मी उठले आणि उभीच राहिले. तलाव पुढे, टोली मागे. गिरजा म्हणाली, "चाल ना, का पाहून रायली?"

मी उंबराकडे पाहत होते. डोमाही उभा राहिला होता. आमच्या मध्ये पाळीचा अख्खा फेर होता. तिथून तो ओरडला, बकरीला नाही, डोंग्याला नाही, मला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"जाय."

 हा मला का पाठवतो? टोली रिकामी, मंडईचा दिवस, मुनीम येऊन गेलेला. सगळं जुळत होतं. शेवंताच्या कळाही यानंच आणल्या की काय, असं वाटण्यापर्यंत माझं मन गेलं.

मी पाळीवरून चालत उंबरापाशी आले. डोमा बाजूला झाला. डोंग्यात आडवा ठेवलेला लांब बांबू मी उचलला. आमचा तलाव मध्ये खोल आणि कमळांनी भरलेला. बांबूनं रेटल्याशिवाय डोंगा मध्यावर जात नाही आणि डोंगा गेल्याशिवाय मोठं जाळं लागत नाही. मी तो बांबू खांद्यावर घेतला.

"हे कशाले?" डोमा म्हणाला.

"तुले माहीत आहे."

तो माझ्याकडे पाहत राहिला. मग खाली बसला. मी गिरजामागे निघाले. बांबूचं टोक मागे जमिनीवर ओढलं जात होतं. गिरजा म्हणत होती, "बाप्पा, बाळंतपनाले बांबू कशाले वो?" 

शेवंतानं फार वेळ लावला. तिला घाम यायचा, ती माझं मनगट आवळायची, आणि माझं अर्धं मन तिकडे पाळीवर असायचं. बैलगाडीचा आवाज आला की मी दाराकडे बघायची. गिरजा रागावली, "लेकीकडं पाह्य वो." उन्हं उतरली तेव्हा मुलगी झाली. किडकिडीत, पण रडणं खणखणीत. नाळ कापली, तिला कपड्यात गुंडाळून शेवंताजवळ दिली, हात धुतले आणि बांबू उचलून मी पुन्हा पाळीवर निघाले.

दूरवरूनच दिसलं की पाळीच्या मातीत गाडीच्या चाकांच्या ताज्या खोल चाकोऱ्या आहेत. बैलांचं शेण होतं. उंबराखाली माणसांचे पाय उमटलेले.  पण पाणी स्वच्छ होतं. मोठं जाळं ओढलं की तलाव दुसऱ्या दिवसापर्यंत गढूळ राहतो. हे आम्हाला कोणी शिकवावं लागत नाही. आणि डोंगा बांधलेला होता, आतून कोरडा.

डोमा जिथं सोडला होता तिथंच बसला होता. त्याच्या ओठाला रक्त सुकलेलं होतं.

"काय झालं?" त्यानं आधी विचारलं. "पोरगा का पोरगी?"

"पोरगी."

"बरं झालं."

मी बांबू डोंग्यात ठेवला. "कोन आलं होतं?"

"मुनीम. गाडीत जाळं घेऊन. चार-पाच मानसं."

"तुयाच बोलावन्यावर."

डोमानं डोंग्याच्या काठावर हात ठेवला. मग म्हणाला, "हव. मंडईच्या दिवशी येतो म्हनला होता. मी नाही म्हटलं नव्हतं. म्हनला, दुसऱ्या तलावावर पुन्हा मुकादम करतो. मी हव बी नाही म्हटलं, नाही बी नाही म्हटलं."

"मंग?"

"मंग ते आले. डोंगा सोड म्हनले. मी म्हटलं बांबू नाही. कौतिकानं नेला, तिचा मायावर भरोसा नाही. ते म्हनले दुसरा आन. मी म्हटलं, कुठून आनू? एकानं हानलं तोंडावर. मंडईवरून लोक यायची वेळ झाली होती. गेले."

मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. म्हटलं, "तुया घरामागं बांबूचं बेट आहे ना गा."

"आहे."

"सगळ्या गावाले माहीत आहे."

"मुनीमाले नाही माहीत," डोमा म्हणाला.

आम्ही दोघं तलावाकडे बघत बसलो. त्याच्या घरामागचं ते बेट मी रोज येता-जाता बघायची. बांबू उचलतानाही ते मला ठाऊक होतं.

थोड्या वेळानं तो म्हणाला, "गाडीत ताडपत्री होती. बर्फ होता. बाजाराचे टोपले होते. ते काही पाहाले नव्हते आले, कौतिका. ते न्याले आले होते."

मला समजायला क्षण लागला. मग मी उठून उभी राहिले. "म्हनजे मासा आहे."

"आहे. ठेकेदार रिकाम्या तलावावर गाडी नाही धाडत."

"हे सभेत सांगशील?"

"सांगन तं लोक विचारतील, मुनीम तुयाकडं काहून आला."

"विचारतील."

त्यानं ओठावरचं रक्त बोटानं पुसलं. 

दुसऱ्या दिवशी भट्टीचा ट्रक यायचा होता. सकाळीच मनसारामच्या अंगणात माणसं जमली. कोणाची गाठोडी बांधून तयार होती. भाऊराव दारात उभा होता, मुलीचा बाप झाल्याचा आनंद तोंडावर, आणि जायची घाई पायात. मनसाराम पुन्हा तेच सांगत होता, आहे, मासा आहे. लोक पुन्हा तेच विचारत होते, तू पाहिला का.

डोमा मागून पुढे आला. सगळं सांगितलं. मुनीम आधी कधी आला, काय बोलला, काल काय झालं. स्वतःचं काहीच लपवलं नाही. अंगणात एकदम गलका झाला. "म्हनजे तू विकनारच होता!" "याले हाकला संस्थेतून!" एक जण तर अंगावर धावला.

मनसारामनं हात वर केला. "हाकलू. आधी एक सांगा. ठेकेदार आपल्याले गाढव समजते ना?"

"समजते."

"तो सोता गाढव आहे का?"

दोघा-तिघांनी नाही म्हणून मान हलवली.

"मंग त्यानं बर्फ कशाले आनला?"

ज्यांनी गाठोडी उचलली होती त्यांनी ती खाली ठेवली. आमच्या लोकांनी मनसारामवर विश्वास ठेवला नाही, सरकारी पिशव्यांवर ठेवला नाही, एकमेकांवर तर कधीच नाही. पण ठेकेदाराच्या हावेवर त्यांचा पूर्ण विश्वास होता. ती त्यांनी पिढ्यान् पिढ्या पाहिली होती.

"अन् बांबू तुयाकडं कसा गेला?" कोणीतरी मला विचारलं.

"मीच नेला. याच्यावर भरोसा नव्हता म्हनून."

कोणीतरी फिसकन हसलं, मग दुसरं, मग सगळे. मनसाराम इतका हसला की त्याला ठसका लागला. भाऊरावनं गाठोडं उचललं, माझ्या घरात नेऊन सोडलं आणि ट्रक आला तेव्हा त्याला बाहेरूनच हात केला. टोलीतून त्या साली कोणीच गेलं नाही. डोमाला हाकलायचं पुन्हा कोणी काढलं नाही.

फागुनात जाळं लावलं. एवढे मोठे रोहू आमच्यातल्या म्हाताऱ्यांनीही धरले नव्हते. कतले जाळ्यावरून उड्या मारून पळत होते आणि पोरं ओरडत होती. पाळीवर माशांचे सारखे वाटे मांडले. आमची रीत अशी की एकानं वाट्यांकडे पाठ करून बसायचं, दुसरा वाट्यावर हात ठेवून विचारतो, "हा कोनाचा?" आणि पाठमोरा बसलेला मनाला येईल ते नाव घेतो. म्हणजे कोणाला मोठा, कोणाला लहान असं राहत नाही. त्या साली मला बसवलं. पाठीमागून "हा कोनाचा?" असं पहिल्यांदा विचारलं तेव्हा माझ्या तोंडून डोमाचं नाव आलं. का आलं ते मला सांगता यायचं नाही. नवऱ्याचं मी विसरले नव्हते. आजही नाही.

मंडईच्या त्या संध्याकाळी आम्ही पाळीवर बोललो हे मात्र कोणाला सांगितलं नाही. मनसारामला कळलं असतं तर त्यानं आमची जोडी मोडली असती. म्हणून लोकांसमोर मी बकरीशी बोलायची आणि डोमा डोंग्याशी. लोक नसले की आम्ही नीट बोलायचो. पाऊस कसा आहे, बी केव्हा येणार, भाऊरावनं नवं जाळं कुठून घेतलं. लाली मेली, मग तिच्या पिलाशी मी तसंच बोलायची. संस्थेनं दुसरा तलाव घेतला, टोलीत कौलं बदलली, पोरं शाळेत गेली. पन्नाशी ओलांडल्यावर रात्रशाळेत मीही अक्षरं गिरवली आणि सभेत अंगठ्याऐवजी नाव लिहू लागले. आमचा अबोला टोलीत प्रसिद्ध होता. नव्या सुना एकमेकींना तो दाखवायच्या.

मनसाराम चाचेरे एकोणीसशे शहाण्णव साली, माघात, झोपेतच गेला. डोमा वलथरे दोन हजार चार साली, पोळ्याच्या आदल्या दिवशी, पोटाच्या दुखण्यानं वारला. तो सोमवार होता.